वावरातल्या विद्यापीठात पहिलं सत्र: फीच्या पावतीपासून पहिल्या निकालापर्यंत

बस फाट्यावर सोडते. तिथून दीड-दोन किलोमीटर आत, एका बाजूला पऱ्हाटी, दुसऱ्या बाजूला तूर, आणि मधेच मोठी कमान, चार मजली इमारत, दोन होस्टेल. विदर्भात खासगी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या खेड्यातल्या पोरापोरींना पहिल्या दिवशी बहुतेक असंच दृश्य दिसतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून अशाच एका विद्यापीठात गेले. घरात माझ्याआधी पदवीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच पहिला प्रश्न होता. आता दर जून-जुलैत गावातली, नात्यातली मुलं मला फोन करतात. त्यांना सांगते ते सगळं इथे क्रमाने लिहिलं आहे.

सगळ्यात आधी: इथले नियम इथलेच

तुमच्या मावसभावाने तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं असेल, तर तो तुम्हाला भरपूर सल्ले देईल. प्रेमाने देईल, पण त्यातले अर्धे तुमच्या उपयोगाचे नसतील. त्याचं कॉलेज संलग्नित होतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांतल्या अशा कॉलेजांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ ठरवतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ. कॉलेजात काही बिनसलं तर वर विद्यापीठ असतं.

खासगी विद्यापीठ राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने उभं राहतं. अभ्यासक्रम ते स्वतः ठरवतं, पेपर तेच काढतं, तपासतं तेच, पदवीही तेच देतं. त्याला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत आणि त्याच्यावर अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाचा हात नसतो. अभिमत विद्यापीठ हा आणखी वेगळा प्रकार. तो दर्जा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) सल्ल्याने केंद्र सरकार देतं, वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथे आहे तसा. प्रवेशाच्या जाहिरातीत या सगळ्यांना नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ म्हणतात, म्हणून तुम्हीच विचारून घ्या.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पास व्हायला किती गुण लागतात, किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येतं, फेरतपासणीची मुदत किती, हे सगळं तुमच्या विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षा अध्यादेशात लिहिलेलं असतं. ती पीडीएफ वेबसाइटवर असते, नसली तर विभागात मागा. चाळीस-पन्नास पानं इंग्रजीत असतात. हजेरी, परीक्षा, उत्तीर्णतेचे निकष आणि शुल्क परतावा एवढे चार भाग कोणाला तरी सोबत बसवून वाचा. एक रविवार जातो, पण पुढची चार वर्षं कोणी काही सांगितलं तर ते खरं की ऐकीव हे तुम्हाला कळतं.

पैसे भरण्याआधी

यूजीसीच्या वेबसाइटवर राज्यवार खासगी विद्यापीठांची यादी आहे. त्यात नाव पाहा. मग अभ्यासक्रमाची मान्यता पाहा. फार्मसी असेल तर फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, कायद्याच्या पदवीला बार कौन्सिलची, बी.एड.ला एनसीटीईची (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची). ही मान्यता नसेल तर पदवी हातात येऊनही नोंदणी होत नाही. विद्यापीठाला मान्यता असणं आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता शिष्यवृत्ती. हे नीट वाचा, कारण दरवर्षी इथेच सगळ्यात जास्त घरं फसतात. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांमधल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. गावागावात बातमी झाली, ‘मुलींचं शिक्षण फुकट झालं’. पण त्याच शासन निर्णयात खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे आपली ही खासगी विद्यापीठं वगळली आहेत. म्हणजे हीच मुलगी, हाच अभ्यासक्रम, हेच उत्पन्न. संलग्नित कॉलेजात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेली तर फी माफ, खासगी विद्यापीठात गेली तर पूर्ण फी. बाकीच्या योजनांमध्येही अशा अटी असतात. म्हणून प्रवेशाच्या टेबलावरच्या माणसाचं ‘होऊन जाईल’ ऐकून पैसे भरू नका. महाडीबीटी हे राज्य शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडा, तुमच्या प्रवर्गाच्या योजनेचे निकष वाचा, आणि संस्थेच्या यादीत या विद्यापीठाचं नाव व तुमचा अभ्यासक्रम दिसतो का ते स्वतः पाहा. यादीत नाव नसेल तर फी स्वतःच्या खिशातून जाणार असं धरूनच हिशेब करा. विद्यापीठाची स्वतःची गुणवत्ता सवलत असेल तर ती पुढच्या वर्षी टिकवायला किती गुण किंवा सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी) लागतो ते लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी ही सवलत फक्त पहिल्या वर्षाची असते.

प्रवेश रद्द केला तर काय? यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रिया शुल्क म्हणून भरलेल्या फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, तेही ५,००० रुपयांच्या वर नाही, एवढेच कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काही नाही. काही वर्षी यूजीसी यापेक्षा सोयीच्या तारखांचं वेगळं परिपत्रक काढतं, तेव्हा त्या वर्षीचंही पाहा. मूळ कागदपत्रं संस्थेने ठेवून घ्यायची नाहीत, हेही त्याच अधिसूचनेत आहे. मूळ दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ घेऊन या. टीसी मात्र व्यवहारात बहुतेक ठिकाणी जमा करून घेतात, म्हणून तिच्या दोन साक्षांकित प्रती आधीच काढा.

कागदांची पिशवी

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन. यादी सगळ्यांना ठाऊक असते. जून-जुलैत सेतू केंद्रावर पेरणीसारखीच गर्दी असते, म्हणून उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे मध्ये काढून ठेवा.

अडचण यादीत नसते, नावात असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, आधारवर आडनाव शेवटी, बँक पासबुकात वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. आईचं नाव एका कागदावर ‘सुनंदा’, दुसऱ्यावर ‘सुनंदाबाई’. तुम्हाला हे एकच माणूस वाटतं, संगणकाला वाटत नाही. पुढे क्रेडिटचं (पास झालेल्या विषयांच्या श्रेयांकांचं) खातं, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, पदवीचं प्रमाणपत्र, सगळं या नावावर चालतं. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरायच्या आधी सगळे कागद घरी सतरंजीवर ओळीने मांडा आणि नाव व जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच खरं धरून आधार दुरुस्त करून घ्या. दहावीची गुणपत्रिकाच चुकली असेल तर ती बोर्डाकडून, शाळेमार्फत दुरुस्त होते. त्याला वेळ लागतो, पण पदवीनंतर त्याहून जास्त लागतो.

फीचा हप्ता आणि शेतातला पैसा

विद्यापीठाचं वर्ष जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं. कास्तकाराच्या घरात तेव्हा पैसा बाहेर गेलेला असतो: बी, खत, फवारणी, मजुरी. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येऊ लागतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. वरुड-मोर्शीकडे संत्रा असेल तर आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. विद्यापीठाच्या लेखा विभागाला यातलं काही माहीत नसतं. त्यांचे हप्ते त्यांच्या कॅलेंडरवर पडतात.

माझ्या पहिल्या वर्षी दुसरा हप्ता ऑक्टोबरच्या मध्यावर होता. सोयाबीन दोनच दिवसांपूर्वी मळणीयंत्रातून निघालं होतं. ढिगात हात घातला तर आत गार लागायचं. बाबांनी एक दाणा दातात धरून दाबला. वाळलेला दाणा कटकन फुटतो, हा नुसता चपटा झाला. त्यांनी काही न बोलता तो थुंकला आणि पोती शिवायला घेतली. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांवर ओलावा चालत नाही, म्हणून माल व्यापाऱ्याकडेच जाणार होता, आणि व्यापारी ओलाव्याची कपात लावणार होता. दहा-बारा दिवस अंगणात ताडपत्रीवर वाळवलं असतं तर ती कपात वाचली असती. हप्त्याची तारीख थांबत नव्हती.

नंतर कळलं की माझ्याच वर्गातल्या एका मुलीने जुलैतच अर्ज देऊन तिचा हप्ता जानेवारीवर नेला होता. तिच्या वडिलांची तूर निघाल्यावर तिने तो भरला, दंडाशिवाय. मला असा अर्ज करता येतो हेच माहीत नव्हतं. ते मला आजही लागतं, म्हणून ही पायरी मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते.

अर्ज असा करा. प्रवेशाच्या वेळीच, तारीख उलटायच्या आत, ‘माननीय कुलसचिव’ यांच्या नावाने, विभागप्रमुखांच्या शिफारशीसह. ‘अडचण आहे, मुदत द्यावी’ असं मोघम लिहू नका. लिहा की घरचं उत्पन्न शेतीवर आहे, अमुक एकरात तूर आहे, पैसा जानेवारीत येतो, म्हणून अमुक रकमेचा दुसरा हप्ता अमुक तारखेला भरू. सोबत सातबाऱ्याची प्रत जोडा. तारीख आणि रक्कम स्वतःहून दिली की समोरच्याला होकार देणं सोपं जातं. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या. आमच्याकडे त्याला ‘पोच’ म्हणतात. पोच नसलेला अर्ज दिलेला नसतो, असं समजा. पोच घ्यायला लाजू नका. खिडकीवरचा बाबू ‘ठेवून जा, देतो साहेबांना’ म्हणेल. तरी उभं राहा, नम्रपणे, शिक्का मिळेपर्यंत.

पावतीही नीट पाहा. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, होस्टेल, मेस, अनामत, गणवेश असे तिचे तुकडे असतात. अनामत परत मिळणारी असते, आणि चौथ्या वर्षी ती मागायला पहिल्या वर्षीचीच पावती लागते. परीक्षा शुल्क यात धरलंय की दर सत्राला वेगळं, ते विचारा. रोख कोणालाही देऊ नका. विद्यापीठाच्या खात्यातच भरा.

कर्ज घ्यायचं तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. बँकांच्या नेहमीच्या योजनेत निदान ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते. सावकाराकडे किंवा बचत गटाच्या पैशाकडे वळण्याआधी एकदा तरी बँकेत जाऊन या.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात शिकवणं कमी आणि नोंदण्या जास्त असतात. पोरं ‘अजून काही सुरू नाही झालं’ म्हणून गावी थांबतात आणि इथेच मागे पडतात. निदान एवढं उरकून घ्या:

विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन मिळवा. हजेरी, गुण, नोटीस, सगळं तिथेच येतं.

सत्राची विषय नोंदणी करा. फी भरली म्हणजे विषय नोंदले गेले असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयासोबत खुले ऐच्छिक, कौशल्य, भाषा असे विषय निवडायचे असतात आणि जागा ठरावीक असतात. उशीर केला तर उरलेलं घ्यावं लागतं.

डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं काढा, तुमची क्रेडिट त्यात जमा होतात. त्याचा १२ अंकी क्रमांक परीक्षा अर्जात मागतात.

रॅगिंगविरोधी हमीपत्र भरा, तुमचं आणि पालकांचं. ते दरवर्षी भरायचं असतं.

तुमचे मेंटॉर (तुमच्यासाठी नेमलेले मार्गदर्शक शिक्षक) कोण ते शोधा आणि त्यांच्या केबिनमध्ये जाऊन एकदा स्वतःचं नाव, गाव सांगून या. हे सगळ्यात सोपं काम आहे आणि सगळ्यात कमी मुलं ते करतात.

कोणाकडे काय मागायचं तेही लक्षात ठेवा. वर्गातली अडचण आधी मेंटॉर, मग विभागप्रमुख. बोनाफाईड, फी, दाखले यांचं काम कुलसचिव कार्यालयात. पेपर, निकाल, फेरतपासणी परीक्षा नियंत्रकांकडे. होस्टेलचं रेक्टरकडे. थेट कुलगुरूंना लिहिलेला अर्ज बहुतेक वेळा फिरून यांच्याकडेच येतो आणि आठ दिवस वाया जातात.

हजेरी: हातात अकराच सुट्ट्या

बहुतेक ठिकाणी विषयवार ७५ टक्के हजेरी लागते. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे साधारण ४५ तास. त्याचे ७५ टक्के म्हणजे ३४ तास बसावंच लागतं. उरले ११.

आता आपलं वर्ष मांडा. पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. घरी बैलजोडी असेल तर तुम्ही येणारच. मग महालक्ष्म्या, आवाहनापासून विसर्जनापर्यंत तीन दिवस, आणि जेवणाच्या दिवशी घरची पोरगी नाही हे आपल्या घरांत चालत नाही. सोयाबीन काढणीला घरून फोन येतो, ‘मजूर मिळत नाही, दोन दिवस येऊन जा’. एकदा तरी ताप येतो. एकदा बस चुकते. अकरा तास असे संपतात, आणि हे सगळं ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या आत. काही सण विद्यापीठाच्या सुट्टीत येतात, पण सुट्टीचा तक्ता पाहिल्याशिवाय ते गृहीत धरू नका.

म्हणून प्रत्येक विषयाच्या वहीच्या शेवटच्या पानावर चौकोन काढा: तीन क्रेडिटच्या विषयाला अकरा, बाकीच्यांना त्यांच्या तासांच्या हिशेबाने. तास बुडाला की एक चौकोन काळा करा. पोर्टलवरची टक्केवारी उशिरा अपडेट होते, हे चौकोन होत नाहीत. पाच काळे झाले की घरी सांगा की आता सणालाच येईन. आजारी पडलात तर डॉक्टरचा कागद बरे झाल्यावर लगेच, त्याच आठवड्यात द्या. सत्राच्या शेवटी दिलेलं प्रमाणपत्र कोणी मानत नाही. डिटेन झालात तर त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही आणि तो विषय पुन्हा पूर्ण करावा लागतो.

पालकांसाठी इथे एक ओळ: पोराला वावरात बोलवायच्या आधी त्याला विचारा, चौकोन किती उरले.

इंग्रजीची भीती

पहिला तास मला अजून आठवतो. मॅडम चांगल्या शिकवत होत्या, फळ्यावरचं सगळं मी उतरवत होते, आणि मला काहीच कळत नव्हतं. बारावीत हाच भाग मला ९० गुणांपर्यंत घेऊन गेला होता. फक्त तेव्हा तो मराठीत समजला होता. मागच्या बाकावर दोन मुली नागपूरच्या इंग्रजी शाळेतल्या, भराभर उत्तरं देणाऱ्या. मला वाटलं त्या हुशार आणि मी ढ. दिवाळीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही.

याला उपाय आहे आणि तो फार महाग नाही. वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे वर्गातलं इंग्रजी जसंच्या तसं, उजवीकडे त्याच रात्री तुमच्या शब्दांत, मराठीत, वऱ्हाडीत सुद्धा चालेल. उजवी बाजू लिहिता आली नाही तर तो भाग समजला नाही, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा प्रश्न तोच. पारिभाषिक शब्दांचं भाषांतर करू नका, ते इंग्रजीतच पाठ करा, कारण पेपर त्यातच आहे. पण त्या शब्दामागची कल्पना मराठीत पकडा. अभियांत्रिकीला असाल तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर मराठीतली पाठ्यपुस्तकं मोफत आहेत. इंग्रजी पुस्तकाचं तेच प्रकरण शेजारी ठेवून वाचलं की दोन्ही सुटतात.

वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारता येत नसेल तर मराठीत विचारा. ‘सर, हे मराठीत विचारू का?’ एवढं म्हणायचं. मी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सरांनी उत्तरही मराठीत दिलं, आणि तास संपल्यावर तीन जणांनी येऊन सांगितलं की त्यांनाही तेच विचारायचं होतं. त्यात एक जण इंग्रजी शाळेतला होता. आपल्या बोलण्यावर कोणी हसलं तर हसू द्या, पण बोली सोडू नका. इंग्रजी शिकायचीच आहे, वायवात (तोंडी परीक्षेत) आणि नोकरीच्या मुलाखतीत ती लागते. त्यासाठी रोज दहा मिनिटं एका मैत्रिणीसोबत मोठ्याने वाचा. आम्ही होस्टेलच्या गच्चीवर लॅब मॅन्युअल वाचायचो.

होस्टेल, मेस, रस्ता

कॅम्पस शेतांच्या मधे असतो, त्यामुळे पावसाळ्यात साप निघतात. रात्री बाहेर पडायचं तर बूट आणि टॉर्च, आणि बूट घालण्याआधी झटकायचे. चावलाच तर वेळ न घालवता १०८ ला फोन आणि थेट दवाखाना, मांत्रिक नाही. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं ते पहिल्याच आठवड्यात रेक्टरला विचारून ठेवा.

मेसचं महिन्याचं बिल आणि गैरहजेरीची वजावट यांचे नियम लेखी घ्या. मुलींच्या होस्टेलचा गेट बंद होण्याचा वेळ आणि फाट्यावरची शेवटची बस, या दोन वेळा जुळत नसतील तर पहिल्याच पालक सभेत बोला. एकटीने बोलण्यापेक्षा दहा जणींच्या सह्या घेऊन.

रोज गावातून येणार असाल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा, भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते. मुलींना पूर्ण मोफत पास बारावीपर्यंतच असतो. कॉलेजच्या मुलींना तो मिळेल असं समजून बसू नका. पासच्या अर्जावर विद्यापीठाची सही-शिक्का लागतो, तो पहिल्या आठवड्यातच घ्या.

दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिल-मे मध्ये येते, पारा ४४-४५ वर. कूलरची परवानगी आहे का, पाणी किती तास येतं, हे जानेवारीत विचारा. एप्रिलमध्ये सगळेच विचारतात.

परीक्षा आणि निकालाचं गणित

सेशनल (सत्रातल्या चाचण्या), असाइनमेंट, प्रॅक्टिकल यांचे गुण सत्रभर जमा होतात. बारावीसारखं शेवटच्या महिन्यात उलटवता येत नाही. सबमिशनची फाइल परत मिळते तेव्हा गुण पाहा आणि पोर्टलवर तेच चढलेत का तेही पाहा. चुकले असतील तर परीक्षेआधी सांगा. निकाल लागल्यावर ते दुरुस्त करून घेणं फार जड जातं.

एसजीपीए (एका सत्राची सरासरी) कसा निघतो ते एकदा स्वतः करून पाहा. समजा सहा विषय आहेत, क्रेडिट ४, ४, ३, ३, ४, २, म्हणजे एकूण २०. तुमचे ग्रेड पॉइंट ८, ७, ६, ९, ५, १०. क्रेडिट गुणिले पॉइंट करून बेरीज: ३२ + २८ + १८ + २७ + २० + २० = १४५. भागिले २०, म्हणजे ७.२५. आता पहिल्या चार क्रेडिटच्या विषयात नापास झालात असं धरा. तिथे ८ ऐवजी शून्य, बेरीज ११३, एसजीपीए ५.६५. तोच झटका दोन क्रेडिटच्या विषयात बसला असता तर १२५ भागिले २०, म्हणजे ६.२५. अभ्यासाचे दिवस वाटताना म्हणूनच क्रेडिट पाहायचं. सोपा म्हणून दोन क्रेडिटच्या विषयावर आठवडा घालवणारी पोरं मी दर सत्राला पाहिली आहेत.

बॅक लागली, म्हणजे विषय राहिला, तर रडून घ्या एक दिवस, मग नियम काढा. फेरतपासणीची मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि उत्तरपत्रिकेची प्रत मागायची सोय असेल तर आधी ती मागा. ती पाहिल्यावर फेरतपासणीला पैसे घालायचे की पुढच्या परीक्षेची तयारी करायची ते कळतं. घरी सांगा. लपवलेली बॅक फी भरताना बाहेर येतेच, आणि तेव्हा घरच्यांना विषय राहिल्यापेक्षा लपवल्याचं जास्त लागतं. फार जड वाटत असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तक्रार करायची वेळ आली तर

रॅगिंग झालं तर थांबू नका. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. ‘मजा करतात, सहन कर’ असं सांगणाऱ्या सिनिअरचं ऐकू नका. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे जाते, तिच्या सदस्यांची नावं विद्यापीठाने जाहीर लावायची असतात.

फी, निकाल, कागद अडवणं, कबूल केलेली सोय न देणं, यासाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. खासगी विद्यापीठालाही लोकपाल नेमावाच लागतो. तिथे तुमचं म्हणणं टिकतं ते पोच घेतलेल्या अर्जांवर, पावत्यांवर आणि ईमेलवर, म्हणून ती फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. साधी प्लास्टिकची, पन्नास रुपयांची, ट्रंकेत कपड्यांच्या खाली.

निकाल लागल्यावर महिन्याभराने डिजिलॉकर उघडा आणि पहिल्या सत्राची क्रेडिट तुमच्या खात्यात जमा झाली का ते पाहा. दिसली नाहीत तर परीक्षा विभागात अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊनच होस्टेलवर या.